व्याह्यांची बंदूक आणि माझा मेंटेनन्स

गेल्या डिसेंबरात आमचे व्याही डग आठवडाभर राहायला आले, ते बंदूक घेऊन आले.

आपल्याकडे व्याही येतात तेव्हा पेढ्यांचा पुडा आणतात. डगने पिकअप ट्रकमधून एक लांबलचक कॅनव्हासची पिशवी काढली आणि ती दोन्ही हातांवर आडवी धरून, तान्हं बाळ आणावं तसा तो दारातून आत आला. माझी बायको वसुधा चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती माझ्या कानात म्हणाली, "गिटार दिसतेय. आल्या आल्या गाणं म्हणणार वाटतं." डगने पिशवीची नाडी सोडली. आत गिटार नव्हती.

"अहो, ही बंदूक आहे."

"दिसतंय मला."

"आपल्या घरात."

"तेही दिसतंय."

ट्रेमधले कप वाजायला लागले म्हणून मी तो तिच्या हातातून घेतला. मग ते माझ्या हातात वाजायला लागले. इथे परदेशात, मिल्टन गावात, आम्ही बावीस वर्षं राहतोय. या घरात आजवर आलेलं सगळ्यात धोकादायक हत्यार म्हणजे वसुधाची पुरणयंत्राची पाती. आमची मुक्ता डगच्या रायनशी मे महिन्यात लग्न करणार होती आणि मुलगा सोन्यासारखा होता. फक्त त्याच्या घरी शिकार करतात हे आम्हाला कळलं होतं ते "उन्हाळ्यात मासे धरतात" इतपतच. मी स्वयंपाकघरात जाऊन मुक्ताला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, इट्स ॲन अँटीक. प्लीज डोंट बी वियर्ड." आणि मीटिंग आहे म्हणून तिने फोन ठेवला.

तर ती होती ठासणीची बंदूक. डगच्या पणजोबांची. म्हणजे काडतूस-बिडतूस काही नाही. तोंडाकडून दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची, गजाने ठासायची. मागच्या बाजूला एक बारीक छिद्र असतं, त्यावर तांब्याची चिमुकली टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, टोपी फुटते, ठिणगी छिद्रातून आत जाते आणि बार उडतो. इथे डिसेंबरात अशा बंदुकीने हरणाची शिकार करायला सोमवार ते शनिवार असा एकच आठवडा मिळतो. डग राहतो तीन तास उत्तरेला, आणि त्याच्या शाळेतल्या मित्राची शेती आणि जंगल आमच्या घरापासून चाळीस मिनिटांवर. म्हणून मुक्काम आमच्याकडे.

चहा पिताना डग म्हणाला (बोलला तो इंग्रजीत, मी तुमच्यासाठी मराठीत आणतोय; आणि "तू" म्हणतो ते यासाठी की इथे व्याह्याला "मिस्टर" म्हटलं तर तो मागे वळून कोणाला हाक मारली ते बघतो), "श्री, ही माझी शेवटचीच काही वर्षं आहेत. बायको, लिंडा, गेल्यापासून वर्षातून हा एक आठवडा काय तो मला माझा वाटतो. पण बोटं बघ." त्याची बोटं सांध्यांशी आल्याच्या गड्ड्यासारखी सुजलेली होती. "बार काढल्यावर नळी रोज धुवावी लागते, पुसावी लागते. नाहीतर एका रात्रीत गंज. मला आता गज धरवत नाही."

वसुधाने मला टेबलाखालून पाय मारला. त्या लाथेचा अर्थ होता, गप्प बसा. पण मी पडलो मेंटेनन्सचा माणूस. चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात मेंटेनन्स केला आहे, आणि निवृत्त झाल्यापासून माझ्यासमोर कोणी "बिघडलंय" असं नुसतं म्हटलं तरी माझी छाती दोन इंच फुगते. मी म्हणालो, "डग, मशीन ते मशीन. तू नेम धर, बाकी मी बघतो."

डगच्या डोळ्यांत पाणी आलं. वसुधाने दुसरी लाथ मारली, ती जरा जोरात होती.

रविवारी संध्याकाळी डगने मला दीक्षा दिली. नळी कढत साबणाच्या पाण्याने धुवायची. (बंदूक भांड्यांच्या साबणाने धुतात हे ऐकून वसुधालाही धक्का बसला. ती म्हणाली, मग डिशवॉशरमध्येच का नाही टाकत?) मग फडक्यांनी कोरडी करायची, आणि शेवटी आतून हलका ओशट हात. "पण गॅरेजमधलं कसलंही तेल चालणार नाही," डगने बोट वर केलं. "खनिज तेल आणि ही दारू एकत्र आली की डांबर होतं. नैसर्गिकच लागतं. आमच्या घरात चार पिढ्या हेच लावतात." असं म्हणून त्याने खिशातून पत्र्याची एक चपटी डबी काढून डायनिंग टेबलावर ठेवली. आत पांढरं, लोण्यासारखं काहीतरी होतं.

"हे काय आहे?" वसुधाने विचारलं. ती डबीवर वाकली होती, वास घेत.

"बेअर फॅट."

वसुधा तशीच वाकलेली राहिली. मग अगदी सावकाश सरळ झाली, डगकडे बघून गोड हसली, आणि मराठीत मला म्हणाली, "अहो, अस्वलाची चरबी. माझ्या टेबलावर. जिथे मी सत्यनारायणाचा शिरा ठेवते. ही डबी दोन मिनिटांत घराबाहेर गेली नाही तर मी जाईन."

डग विचारत होता, "काय म्हणतात विहीणबाई?" (विहीणबाई हा शब्द त्याला मुक्ताने शिकवला होता, तो तो "वीनबाय" असा उच्चारायचा.)

"ती म्हणतेय, सुंदर आहे."

डबी गॅरेजमध्ये गेली. बंदूक, रिकामी, तळघरातल्या, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या फर्नेस रूममध्ये गेली, कारण डगच्या मते घरातली सगळ्यात कोरडी जागा तीच. मी तिथे नळी धुतली, पुसली, आरशासारखी लख्ख केली. मग आला प्रश्न ओशट हाताचा. गॅरेजमध्ये जाऊन चरबीत बोट घालायचं माझ्याने होईना. आणि तेवढ्यात मला गरम पाण्याच्या टाकीवर उभी असलेली ती निळी बाटली दिसली.

खोबरेल तेल. नैसर्गिक? शंभर टक्के. चार पिढ्यांचं? आमच्या घरात चाळीस पिढ्यांचं असेल. माझ्या आईने ते केसांना लावलं, शिलाई मशीनला लावलं, कुरकुरणाऱ्या बिजागरीला लावलं, भाजलेल्या बोटाला लावलं, आणि कधी कशाचं वाईट झालं नाही. मी तळहातावर थोडं घेतलं, फडक्याला चोळलं आणि नळी आतून माखली. बंदूक कोपऱ्यात उभी करून ठेवली. तोंड वर, म्हणजे तेल छान खालपर्यंत मुरेल.

सकाळी निघण्याआधी डगने नळीत फुंकर मारली आणि मी मागच्या छिद्राशी बोट धरलं. हवा बोटाला लागली. "परफेक्ट," डग म्हणाला. "चरबी लावलीस ना?"

"घरच्यासारखी," मी म्हणालो. यात खोटं काय होतं ते तुम्हीच सांगा.

सोमवारी पहाटे उणे आठ होतं. मला नारिंगी जाकीट आणि नारिंगी टोपी चढवण्यात आली, कायद्याने लागतं म्हणून. वसुधा म्हणाली, "अखेर संन्यास घेतलात." चाळीस मिनिटं बंदूक ट्रकच्या मागच्या उघड्या हौदात होती. मग जंगलात चालत गेलो, आणि एका ओकाच्या बुंध्याशी डगने बंदूक भरली. भरण्याआधी त्याने नळीतून एक कोरडं फडकं फिरवलं. ते बाहेर आलं तेव्हा त्याला पांढरं पांढरं लागलं होतं.

"बेअर," डग प्रेमाने म्हणाला.

मी मान डोलावली. मला वाटलं, बर्फ असेल.

दोन तास आम्ही हललो नाही. माझं नाक आहे की गेलं ते कळेनासं झालं. आणि मग समोरच्या झाडीतून एक हरण आलं. चांगलं शिंगाळं, ऐटीत चालणारं. चाळीस पावलांवर येऊन उभं राहिलं आणि नाक वर करून वास घेऊ लागलं. डगचं त्या बंदुकीमागचं रूप मी पहिल्यांदाच बघत होतो. त्याची सुजलेली बोटं चापावर अगदी स्थिर होती. मी कानांत बोटं घातली, डोळे मिटले, रामरक्षेतलं जेवढं आठवलं तेवढं म्हटलं. डगने चाप ओढला.

टिक्.

टोपी फुटली. बार नाही. मी एक डोळा उघडला. हरणाने आमच्याकडे पाहिलं, कान हलवला आणि ते निघून गेलं. मी बोलायला तोंड उघडलं तर डगने हात वर केला. असा बार चुकला तर बंदूक समोर मोकळ्या जागेकडेच धरून पूर्ण एक मिनिट थांबायचं असतं, कारण आत कुठेतरी ठिणगी धुमसत असली तर बार उशिरा उडू शकतो. ते मिनिट मी आयुष्यात विसरणार नाही. लग्नात आंतरपाट धरतात तेव्हाही मी एवढा स्तब्ध उभा नव्हतो. काही उडालं नाही. मग डगने त्या सुजलेल्या बोटांनी, गजाला स्क्रू लावून, अर्धा तास खपून गोळी बाहेर ओढली. मी मदतीला गेलो तर म्हणाला, "नको. हे माझं काम."

घरी येताना निदान झालं: टोप्या जुन्या. मी लगेच मान हलवली. "कन्झ्युमेबल्स! वापरून संपणाऱ्या वस्तू! मी सांगणारच होतो. नेहमी कन्झ्युमेबल्सच दगा देतात." मंगळवारी जाऊन नव्या टोप्या आणल्या. आणि मंगळवारी संध्याकाळी मी फर्नेस रूममध्ये पुन्हा मेंटेनन्स केला. या वेळी तेल जरा सढळ हाताने. रविवारी कमी पडलं असावं असं माझं इंजिनियरिंग मत झालं.

बुधवारी सकाळी फुंकर मारली, हवा छान. जंगलात गेलो, हरण आलं. डग कुजबुजला, "इतकी जवळ येताना मी कधी बघितली नाहीत." खरंच ते नाक पुढे करून आमच्याच दिशेने येत होतं, जणू कोणी बोलावलंय.

टिक्.

पुन्हा एक मिनिट. पुन्हा स्क्रू, पुन्हा अर्धा तास, आणि या वेळी डगच्या बोटातून थोडं रक्तही आलं. निदान: दारू दमट. मी गाडीतून वसुधाला फोन केला. "उशीर होईल गं. डगची दारू खराब झालीय, नवी घ्यायला जातोय."

"सकाळी साडेअकरा वाजता?"

"अगं, बंदुकीची."

"बंदूक पण घेते?" ती म्हणाली. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. डगने काय झालं विचारलं, मी म्हटलं, ती यश चिंततेय.

गुरुवारी घरी बसून मी ती बंदूक जवळजवळ पूर्ण उघडली. टोपी बसते तो भाग काढला, भिंगातून पाहिला, दिव्यासमोर धरला. छिद्रातून उजेड आरपार. घोड्याची स्प्रिंग तपासली. कागदावर तक्ताही काढला: कारण, शक्यता, उपाय. चौतीस वर्षांत मी एकही बिघाड अनुत्तरित सोडला नव्हता. इथे तळघरात सगळं ठणठणीत आणि जंगलात सगळं ठप्प. माझं डोकं चालेना. आणि डोकं चालेना तेव्हा माणूस जे करतो तेच मी केलं, जे करत होतो तेच आणखी जोरात केलं. गुरुवारी संध्याकाळी मी त्या नळीला दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला पोराला चोपडतात तसं तेल चोपडलं. खाली जमिनीवर थेंब पडले, ते पायमोज्याने पुसले.

शुक्रवारी नवी टोपी, नवी दारू, उणे अकरा. हरण आलं ते पंचवीस पावलांवर. त्याच्या नाकातली वाफ मला दिसत होती.

टिक्.

हरण गेलं. मिनिट गेलं. डगने स्क्रू लावून गोळी आणि दारू बाहेर काढली. तो बुंध्याला पाठ टेकून बर्फात खाली बसला आणि बंदूक मांडीवर घेतली.

"बंदुकीत काही नाहीये, श्री," तो म्हणाला. "तू इंजिनियर आहेस, तू तपासलीस. टोप्या नव्या, दारू नवी. चार पिढ्या उडालेली बंदूक मुकी होत नाही. भरणारा म्हातारा झालाय. माझ्याकडून काहीतरी राहतंय आणि मला कळतही नाहीये." त्याने हातमोजा काढून बोटांकडे पाहिलं. "लिंडा म्हणाली होती, ज्या दिवशी तुझा तुझ्या हातावर विश्वास राहणार नाही त्या दिवशी ही भिंतीवर टांग. उद्या जायला नको. रायनच्या नव्या घरात भिंत चांगली आहे."

मला खूप वाईट वाटलं. आणि आत कुठेतरी एक नीच, भित्रा आवाज म्हणत होता, बरं झालं, निदान मेंटेनन्सवर आळ नाही आला.

संध्याकाळी साडेपाचला डग वर पडून होता. वसुधा आमटीला फोडणी देत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिचाही चेहरा उतरला. बंदूक तिला नको होती, पण डग तिला आवडायचा. तिच्या हातची आमटी तो वाटी तोंडाला लावून प्यायचा. "बिचारे हो," ती म्हणाली. "म्हणजे ते आता घरी बसून राहणार?" मग तिने फोडणीचा गॅस बारीक केला आणि मला म्हणाली, "बरं, जरा खालून माझी तेलाची बाटली आणा. उद्या न्हायचंय."

मी बाटली आणली. तिने ती उजेडात धरली.

"अहो, ही मी गेल्या रविवारी फोडली. अर्धी कशी झाली?"

मी फोडणीकडे बघू लागलो.

"डोक्याला लावलंत?"

मी नकारार्थी मान हलवली.

"सांडलंत?"

"बंदुकीला लावलं," मी म्हणालो.

वसुधाने माझ्याकडे बघितलं. मी तिला चाळीस वर्षं ओळखतो. ती चिडते तेव्हा बोलते, पण तिला खरा धक्का बसतो तेव्हा ती मोहरीही तडतडू देते आणि जळूही देते. मोहरी जळली.

"खोबरेल?" ती हळूच म्हणाली. "बाहेर उणे अकरामध्ये? अहो, थंडीत खोबरेल थिजतं."

"आपलं कुठे थिजतं? रोज पातळच असतं."

"कारण मी ते गरम पाण्याच्या टाकीवर ठेवते. बावीस वर्षं. तुम्हाला काय वाटलं, सजावट म्हणून ठेवलंय?"

मी खुर्चीत बसलो. डोळ्यांसमोर सगळी ड्रॉइंग्ज उलगडली. फर्नेस रूममध्ये तेल पातळ. उभ्या बंदुकीत ओघळून खाली, बरोबर त्या बारीक छिद्राशी. फुंकर मारली की हवा आरपार. मग ट्रकच्या हौदात चाळीस मिनिटं, जंगलात दोन तास, आणि छिद्रात पांढरं शुभ्र बूच. फडक्यावरचा तो "बेअर" म्हणजे आमची निळी बाटली होती. सांगलीत डिसेंबरात आई तेलाची बाटली उन्हात ठेवायची. शाळेतलं पोर सांगेल ते मला, पंपवाल्या माणसाला, पाच दिवसांत सुचलं नव्हतं.

"आता?" मी म्हणालो.

"आता काय? वर जा आणि सांगा त्यांना."

"अगं, व्याही आहेत. लग्न मेमध्ये आहे. मी सांगितलं की मी त्यांच्या पणजोबांच्या बंदुकीला..."

"आणि नाही सांगितलं तर तो माणूस स्वतःला म्हातारा समजून मरेपर्यंत भिंतीकडे बघत बसेल. तुमच्या तेलापायी."

खरं सांगतो, दोन मिनिटं मी यावर पळवाट शोधली.

जेवायला डग खाली आला. मी त्याला आमटी वाढून घेऊ दिली, भात घेऊ दिला. मग घसा खाकरून म्हणालो, "डग, मी बेअर वापरलं नाही."

"मग?"

"हेअर ऑइल."

डगचा चमचा वाटी आणि तोंडाच्या मध्ये थांबला. मी सगळं भडाभडा ओकलो. डबी गॅरेजमध्ये आहे, आम्ही शाकाहारी आहोत, तेल नैसर्गिक आहे, इथे घरात पातळ आणि तिथे घट्ट, रविवारी थोडं, मंगळवारी जास्त, गुरुवारी फारच. "तुझे हात ठीक आहेत," मी म्हणालो. "तू तिन्ही वेळा बरोबर भरलीस. बिघाड मी आहे."

डगने चमचा खाली ठेवला, तो उठला आणि तळघराच्या पायऱ्या उतरून गेला. एक शब्द नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला सॉरी म्हणता येतं.

मी मागे गेलो. त्याने टोपीखालचा भाग काढून हातात घेतला होता आणि नखाने खरवडून वास घेत होता. तेवढ्यात वसुधा कढत पाण्याचं पातेलं घेऊन खाली आली. "सरका," ती मला म्हणाली, आणि त्याला इंग्रजीत, "डग, पोअर." नळीतून पाणी ओतलं तसा पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि फर्नेस रूममध्ये ओल्या नारळाचा घमघमाट सुटला. एक पातेलं झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. मी नुसता फडकी देत होतो. चौतीस वर्षांच्या अनुभवानंतर मला तेवढंच काम मिळालं.

नळी कोरडी झाल्यावर वसुधा वर गेली. परत आली ती भांड्यांच्या पकडीत गॅरेजमधली ती पत्र्याची डबी धरून, हात शक्य तितका लांब करून, चेहरा दुसरीकडे वळवून. "हे लावा," ती मला मराठीत म्हणाली. "व्याही आहेत आपले. एक दिवस अस्वल चालेल." मग वर जाऊन तिने उदबत्तीचा अख्खा पुडा लावला.

डगने चरबी लावली, बंदूक पुसली, "गुड नाइट" म्हणाला आणि झोपायला गेला. संध्याकाळचे सात वाजले होते.

शनिवारी सकाळी तो तयार होऊन खाली उभा होता. मला "चल" म्हणाला नाही, "येऊ नको" असंही म्हणाला नाही. मी गपचूप जाकीट चढवलं आणि ट्रकमध्ये बसलो. चाळीस मिनिटं त्याने रेडिओवर हवामान ऐकलं. मी खिडकीबाहेर बघत मनात मुक्ताची माफी मागत होतो. जंगलात पोचल्यावर त्याने बंदूक भरली, फडकं बाहेर काढून निरखलं, मला दाखवलं नाही.

हरण यायला पावणेअकरा वाजले. ते आदल्या दिवसांसारखं जवळ आलं नाही. साठ पावलांवर थबकलं. डगने नेम धरला. आणि मी, तीन दिवस तीन वेळा "टिक्" ऐकलेला माणूस, कानांत बोटं घालायला विसरलो.

धडाड्!

मला आठवतंय ते एवढंच, की आभाळ दिसलं. मी बर्फात उताणा पडलो होतो, टोपी उडाली होती, कानांत शिट्टी वाजत होती आणि सगळीकडे पांढरा धूर. माझं पहिलं वाक्य, देवाशपथ, "वसुधा, मी गेलो" असं होतं. धूर निवळला तेव्हा डग दूर उभा होता. हरण आडवं होतं, एकाच गोळीत. डगने टोपी काढली आणि बराच वेळ त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसून राहिला. मी जवळ गेलो तेव्हा तो स्वतःच्या हातांकडे बघत होता. मला शिकारीतलं काही कळत नाही आणि ते हरण बघून मला वाईटही वाटलं, पण त्या माणसाचा चेहरा बघून मला रडू आलं. ते मी धुरावर ढकललं.

मित्राने ट्रॅक्टर आणला, हरण त्याच्याच शेडमध्ये गेलं (वसुधाची अट). आम्ही घरी निघालो. तरीही डग बोलेना. हायवे येईपर्यंत मी तीन वेळा "सॉरी" म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी त्यानेच रेडिओ बंद केला.

"श्री, एक विचारू?"

"विचार ना."

"ते तेल. ते तू खरंच डोक्याला लावतोस?"

निदान बोलला तरी, म्हणून मला इतका आनंद झाला की मी सावरून बसलो. "रोज. आई लावायची तेव्हापासून. पासष्ट वर्षं. एक दिवस खंड नाही."

"कशासाठी?"

"म्हणजे काय? केसांसाठी. मुळं घट्ट राहतात, केस गळत नाहीत, शेवटपर्यंत दाट आणि काळे."

डगने माझ्याकडे बघितलं. परत रस्त्याकडे बघितलं. मग त्याने सिग्नल दिला, ट्रक कडेला घेतला, थांबवला, आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून खांदे गदगदा हलेपर्यंत हसला. डोळे पुसायचा, माझ्याकडे बघायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. मला काही समजेना. मी समोरची उन्हाची झडप खाली ओढून तिच्यातल्या आरशात पाहिलं. माझी टोपी जंगलात बर्फातच राहिली होती, आणि पासष्ट वर्षांच्या नियमित मेंटेनन्सनंतर माझं डोकं कपाळापासून मानेपर्यंत, एकही केस आडवा न येता, लख्ख चमकत होतं.